बोटाखालचा आवाज

कॅन्सरमुळं सासऱ्यांचं स्वरयंत्र काढलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त कोण रुसलं असेल तर म्हैस. आण्णांची हाक ऐकल्याशिवाय मोना पान्हा सोडायची नाही. दिवाळीच्या पाडव्याला तर आण्णा मोटारसायकलवर बसून एकच हाक टाकायचे आणि ही नटलेली बया भर गर्दीतून त्यांच्या मागं पळत सुटायची. गंगावेशीतली आख्खी गल्ली बघायला उभी असायची.

आता आण्णा पाटीवर लिहून बोलायचे. म्हशीला काय वाचता येतंय?

मग डॉक्टरांनी श्वासनळी आणि अन्ननलिकेच्या मधे छोटी झडप बसवली. ऑपरेशनात गळ्याला पाडलेल्या भोकावर बोट दाबलं की श्वास झडपेतून जातो आणि आवाज निघतो. बोट काढलं की आवाज बंद. मी नर्स, त्यामुळं झडप साफ करायचं काम माझ्याकडं आलं.

आण्णांनी बोट दाबलं. "क्रांती, च्या टाक की."

खरखरीत होता, पण आवाज होता. मी पदराआड रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोठ्यात हाक मारली. मोनानं कान टवकारले, पण आण्णांकडं बघितलंच नाही. त्यांच्या मागं, वैरणीच्या कोपऱ्याकडं बघत राहिली आणि तिनं पान्हा सोडला.

"वळखलं की गं तिनं!" माझा नवरा विश्वजित हरखून गेला.

"व्हय. पन कुनाला?"

"तुजं आपलं कायतरीच."

माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. मी आण्णांच्या बोटावर नजर ठेवायला लागले. एका सकाळी हाक आधी आली आणि बोट नंतर गळ्याला लागलं. मी दवाखान्यात रोज असले गळे बघते. असं होत नाही, होऊच शकत नाही.

विश्वजित बाहेर गेल्यावर मी आण्णांना गाठलं.

"आण्णा, हाक तुमीच मारताय न्हवं?"

त्यांनी मोनाच्या पाठीवरून हात फिरवला. मग बोट दाबून हळूच म्हणाले, "मी नुसतं बोट ठेवतोय, पोरी. म्हस दूध देती न्हवं? पाडवा हुईस्तवर गप बस. एकदा पळू दे तिला माज्या मागनं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला भीती वाटत होती, तरी मी गप्प बसले.

पाडव्याला मोनाची शिंगं रंगवली, गळ्यात कवड्यांची माळ घातली. गल्ली माणसांनी भरली. आण्णांनी गाडी चालू केली. मी गोठ्याच्या दारात उभी होते.

हाक आली.

आण्णांचे दोन्ही हात हँडलवर होते.

मोना उधळली. गाडीकडं पाठ करून, मला घासून गोठ्यात शिरली आणि कोपऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. कुणी हात न लावता तिच्या सडांतून दूध गळायला लागलं.

आण्णांनी गळ्यावर बोट दाबलं. तोंड हललं, पुन्हा हललं. नुसता वारा.

माझ्या मागं, वैरणीच्या कोपऱ्यातून, आवाज आला.

"क्रांती, च्या टाक की."