मैनाची रोटी

मुलुंडच्या बाजारात मी एवढा गूळ घेते की वाणी विचारतो, ताई, घरी पुरणपोळ्यांचा कारखाना आहे का? मी हसते आणि चालू लागते. काय सांगणार त्याला?

तुम्हाला सांगते. माझे बाबा, राजाराम, राणीच्या बागेत माहूत होते. आता तिथे पेंग्विनच्या काचेपुढे गर्दी होते, त्या काळी ती मैना हत्तिणीच्या ओट्यापुढे व्हायची. निम्मी मुंबई तिच्या पाठीवर बसून हिंडली असेल. बाबांचा नेम एकच, मैनानं त्यांच्या हातची गूळ-रोटी खाल्ल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. संध्याकाळी घरी आले की आई त्यांच्या मांड्यांना आतून खोबरेल लावायची. हत्तीच्या मानेवरचे केस तारेसारखे राठ असतात, माहूत सोलवटून निघतो.

पुढे सवारी बंद झाली, मैना गेली, आईही गेली. गेल्या वर्षी बाबांनी अंथरूण धरलं. आठवणींचा गुंता झाला, पण नेम तेवढा शाबूत राहिला. ताट समोर आलं की विचारायचे, मैनानं खाल्लं? मी हो म्हणायचे. ते माझा हात हुंगायचे आणि गुळाचा वास नाही म्हणून तोंड मिटून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत. मी मनाशी म्हटलं, माझ्या घरात माझा बाप उपाशी मरणार नाही.

मग जाड रोटी थापली, वर गूळ चुरला आणि दिवेलागणीला बाल्कनीत ठेवली. थोड्या वेळानं ताटली रिकामी. बाबांनी हात हुंगला आणि पोटभर जेवले. रोज तेच होऊ लागलं. भाऊ किरण म्हणाला, "कावळे गं, ताई. चौथ्या मजल्यावर दुसरं कोण येणार?"

परवा मी बाल्कनीच्या दाराआड बसून राहिले. आधी उसाच्या चोथ्याचा वास आला. मग साखळी ओढल्याचा आवाज... खालून नाही, अगदी समोरून. गालावर गरम, ओला श्वास आला. मी दाराला घट्ट चिकटले. आतून बाबा हळूच म्हणाले, "आली का... मला न्यायला आली असेल."

ते ऐकलं आणि माझी भीती कुठच्या कुठे पळाली. लहानपणी बाबांच्या तोंडून ऐकलेला हुकूम ओठांवर आला.

"पीछे, मैना... पीछे. रोटी खा आणि जा. माणूस मिळायचा नाही."

साखळी सरपटत लांब गेली. बाबा रडले, मग जेवले. मला वाटलं, जिंकले मी.

आज सकाळी त्यांचं अंग पुसत होते. त्यांचे पाय जमिनीला लागून कित्येक महिने झालेत. पण दोन्ही मांड्यांना आतून ताजे ओरखडे होते.

मी खोबरेल लावलं, आईसारखंच. सांगितलं, आजपासून तुमचं मनगट ओढणीनं माझ्या मनगटाला बांधून झोपणार. बघतेच, कशी नेते ती.

बाबा लहान मुलासारखे हसले.

"बांध की," म्हणाले. "तिला दोघं जड नाहीत."