मध्येच थांबलेला भोंगा

पुराचा भोंगा वाजू लागला आणि जुरेमा संगणकाच्या पडद्याकडे वळली. पोलिसांची ही संगणकतज्ज्ञ नदीकाठच्या पंपघरात भोंग्याचा प्रोग्राम आणि त्यातल्या जुन्या बदलांच्या नोंदी तपासत बसली होती. गेल्या पुरात हाच भोंगा मध्येच थांबला होता. संकट टळलं असं समजून लोक टेकडीवरून घरी परतले आणि बेकरीवाले म्हातारा-म्हातारी वाहून गेले.

आळ आला पहारेकरी वाल्दिरवर. तो हातात बेड्या घालून कोपऱ्यात उभा होता.

“सेउ वाल्दिर, खरं सांगा. बंद करायचं बटण दाबलंत?”

“नाही हो, दोना जुरेमा. त्याचं सील बघा, जसंच्या तसं आहे.”

“भोंगा थांबला तेव्हा पाणी किती होतं?”

“पट्टीवरचा दहा मीटरचा आकडा नुकताच बुडाला होता. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं.”

नगरपालिकेचा अभियंता एवांद्रो फिसकन हसला. “कशासा दारू ढोसून पडला असेल. प्रोग्राम ठणठणीत आहे. मार्चमध्ये कुरकुरत होता, मीच गप्प केला. त्यानंतर, गेल्या पुराच्या आधी, दोनदा भोंगा वाजला, दोन्ही वेळा बरोबर.”

“तेव्हा पाणी दहावर गेलं होतं?”

“नव्हतं. त्याचं काय?”

जुरेमा पडद्याकडे पाहत होती. मर्यादा ९,८. पातळी ९,९. मग पातळी १०,० झाली.

भोंगा थांबला.

“माझे हात बघा!” वाल्दिर किंचाळला. “बघा सगळ्यांनी!”

खिडकीतून टेकडी दिसत होती. वर चढलेली माणसं थबकली आणि खाली वळू लागली. जुरेमानं प्रोग्रामला एकच विचारलं: पातळी आणि मर्यादा, या दोन्हींचा प्रकार कोणता?

दोन्हींचं उत्तर एकच आलं. मजकूर. संख्या एकही नाही.

तिनं घाईघाईनं दोन ओळी बदलल्या आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. भोंगा कोकलला. टेकडीवरची माणसं पुन्हा वर पळाली.

“आता ऐका,” ती एवांद्रोकडे वळली. “आपल्या देशात सगळेच नऊ पूर्णांक आठ लिहिताना मध्ये स्वल्पविराम देतो. हा प्रोग्राम ज्या लुआ भाषेत लिहिलाय, तिला तिथं टिंब लागतं. तुम्ही सवयीनं स्वल्पविराम दिलात. लुआनं पुढचा आठ टाकून दिला, मर्यादा नऊच राहिली आणि भोंगा उगाच वाजायला लागला. म्हणून तुम्ही मर्यादेला अवतरणचिन्हं लावलीत. तिचा मजकूर झाला. मग प्रोग्राम अडला, की संख्या आणि मजकूर यांची तुलना होत नाही. ती त्याची कुरकुर! तेव्हा अवतरणचिन्हं काढून टिंब द्यायचं सोडून तुम्ही पातळीची संख्या करणारी ओळच उडवलीत. दोन्ही मजकूर झाले आणि कुरकुर थांबली.”

“पण भोंगा वाजत होता ना!”

“दहाच्या खाली असेपर्यंत. मजकुराची तुलना शब्दकोशासारखी, पहिल्या अक्षरापासून होते. दहातला पहिला एक नऊच्या आधी येतो. म्हणजे प्रोग्रामच्या लेखी दहा मीटर पाणी नऊ मीटरपेक्षा कमी. पूर ओसरला, भोंगा बंद! सेउ एवांद्रो, गेल्या पुरानंतर तुम्हाला शंकासुद्धा आली नाही?”

एवांद्रो मटकन खाली बसला. “आली होती. पण बोललो असतो तर नोकरी गेली असती.”

“आणि मी तुरुंगात गेलो असतो, ते चाललं असतं?” वाल्दिरचा आवाज फाटला.

जुरेमानं त्याच्या बेड्या काढल्या आणि एवांद्रोपुढे धरल्या. वाल्दिरनं तिचा हात अडवला.

“त्या नंतर घाला, बाई. खालच्या गल्लीत तीन म्हाताऱ्या आहेत, त्यांना चालवत नाही.” त्यानं एवांद्रोला दंडाला धरून उठवलं. “चल, उचलायला ये.”