नसलेल्या ड्राइव्हमधला व्हायरस

"बाबा, थांबा! कुठलंही बटण दाबू नका!" क्षितिजा ओरडली.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार. बरखेड्याच्या कारखाना-वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये संगणक नुसता केकाटत होता. पडदा लालभडक! त्यावर ‘महारक्षक’ नावाचं सॉफ्टवेअर बजावत होतं, ‘धोका! फाइल्स नष्ट होत आहेत. ताबडतोब फोन करा!’

आईचा चेहरा उतरला. मोठ्या तलावावरच्या पक्ष्यांचे तिने वर्षानुवर्षं काढलेले फोटो याच संगणकात होते. रविवारी तिचं पहिलं प्रदर्शन होतं!

कारखान्यात अवाढव्य यंत्रं सांभाळणारे बाबा पार गांगरले होते. त्यांनी पडद्यावरच्या नंबरला फोन लावलाही.

"ताई, इकडे बघ!" धाकटा आशय पडद्याला नाक लावून म्हणाला. "हा म्हणतोय, ई ड्राइव्हमध्ये व्हायरस सापडला. आपल्या संगणकात तर फक्त सी ड्राइव्ह आहे!"

"म्हणजे हा महारक्षकच फर्जी आहे, यार!" शेजारचा मंदार उसळला.

क्षितिजाने बाबांच्या हातून फोन घेऊन स्पीकर लावला.

"मैडम, मैं जो ऐप बताऊँ, वो डालिए. यहीं से ठीक कर दूँगा," पलीकडून आवाज आला.

"वायरस कौन सी ड्राइव में है?"

"सी, डी, ई, सबमें! मुझे साफ़ दिख रहा है."

"कमाल है! हमारे यहाँ तो डी और ई हैं ही नहीं!"

फोन खाडकन बंद!

"आता याला हाकलायचं!" क्षितिजाने इंटरनेटची वायर उपटली. आशयने सॉफ्टवेअरच्या यादीतून महारक्षक काढून टाकला. संगणक पुन्हा सुरू केला, तर पुन्हा तोच लाल पडदा!

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "राहू दे गं..."

"मुळीच नाही! बाबा, आज नवीन काय टाकलंत?"

"सकाळी... फोटो लहान करायला एक फुकटचं सॉफ्टवेअर," बाबा पुटपुटले.

"तेच याला परत आणतंय!"

मंदारने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं, "सेफ मोडमध्ये जा. तिथे फक्त गरजेपुरत्या गोष्टी सुरू होतात. शिफ्ट दाबून रीस्टार्ट कर!"

खरंच, तिथे महारक्षक गप्प होता. क्षितिजाने आधी ते फुकटचं सॉफ्टवेअर काढलं, मग महारक्षक. आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींतूनही दोन्हींची नावं उडवली.

पुन्हा रीस्टार्ट. तिघांनी श्वास रोखले.

साधा, शांत निळा पडदा!

संगणकातल्या खऱ्या सुरक्षा सॉफ्टवेअरने सगळं तपासलं, तेव्हा कुठे आईने फोटो उघडले. सारस पक्ष्यांची जोडी पाण्यात दिमाखात उभी होती. आईने तिघांनाही एकदम कवेत घेतलं.

"शाब्बास रे!" बाबा म्हणाले. "उद्या आमच्या कारखान्यात येऊन सगळ्यांना हे शिकवाल? आणि मी कसा फसणार होतो, तेही सांगा. अगदी नाव घेऊन!"