चित्राबरहुकूम

तिसऱ्या टाकीवरचा आकडा बासष्टवरच अडला होता. डॉ. नलिनी परचुरे सकाळपासून चौथ्यांदा तो बघून गेल्या. तीन वाजता पुनर्जीवन समितीचे अध्यक्ष येणार होते, आणि नव्वदच्या खाली राहिलेला जीव नष्ट करायचा, असा नियम होता.

टाकीत वीतभर लांबीचा, राखाडी माकूळ, म्हणजे शाई सोडणारा स्क्विड, तरंगत होता. तीनशे वर्षांपूर्वी एका चित्रकाराने याच जातीचं चित्र काढलं होतं, तेही तिच्याच पिशवीतल्या शाईने. पुढे ती जात नामशेष झाली. कागदावरच्या शाईतून नलिनीबाईंनी तिची जनुकं मिळवली आणि दोन वर्षांच्या खटपटीनंतर हा एकुलता एक जीव जन्मला. चित्रातला माकूळ मात्र पांढराफटक होता, अंगभर तांबूस ठिपके. रूपमापक यंत्र दोघांना ताडून पाहायचं आणि बासष्ट म्हणायचं.

पाणी गार असल्याने रंग खुलत नसेल, असं वाटून त्यांनी तापमान दोन अंशांनी वाढवलं. एकाहत्तर. आणखी दोन. अठ्ठ्याऐंशी. ठिपके उमटू लागले. एक्याण्णववर हिरवा दिवा लागला, तेव्हा कुठे त्या खुर्चीत टेकल्या.

टाक्यांची जबाबदारी असलेले सागरजीवतज्ज्ञ हरेश्वर तांडेल आत आले.

"मॅडम, पाणी किती ठेवलंत?"

"एकतीस अंशांवर. बघा ना, हुबेहूब चित्र."

तांडेल काचेपाशी वाकले. "हा मरतोय."

"काय म्हणता?"

"याच्या कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात. त्या मेंदूच्या ताब्यात. जीव जायला लागला की ताबा सुटतो, अंग पांढरं पडतं, ठिपके उठतात. हर्णैला लहानपणी जाळ्यातून काढलेले शेकड्यांनी पाहिलेत मी." ते नलिनीबाईंकडे वळले. "तुमचा चित्रकार काही पाण्यात उतरला नव्हता. कोळ्यांनी आणून मेजावर ठेवला, तो त्याने रंगवला."

नलिनीबाईंनी धावत जाऊन गार पाण्याचा नळ सोडला. दिवा विझला. ऐंशी, सत्तर, अठ्ठावन्न. माकूळ पुन्हा राखाडी झाला. बऱ्याच वेळाने त्याची अंगाच्या कडेची झालर हलली.

तीनच्या ठोक्याला अध्यक्ष डॉ. खांबेटे टाकीसमोर उभे होते.

"अठ्ठावन्न," ते म्हणाले. "नियम तुम्हीच लिहिला होता ना?"

"हो." नलिनीबाईंनी चार वर्षांची नोंदवही खांबेटेंपुढे ठेवली. "हे अकरा जीव जुन्या चित्रांशी जुळले म्हणून आपण मंजूर केले. त्यातला एकही आठवडाभर जगला नाही. आपल्याला वाटलं, जनुकं सदोष असतील. पण ती चित्रंच मरणाऱ्या जीवांची होती; आपण मंजूर केले तेव्हाच हे अकराही मरत होते."

खांबेटेंनी पानं उलटली. बोट एका रकान्यावर थांबलं.

"आणि हे तेवीस? न जुळलेले?"

"ते धडधाकट होते," नलिनीबाई म्हणाल्या. "म्हणूनच जुळले नाहीत."