घोगरा आवाज

नोव्हेंबर आला की पुण्यातले पेन्शनर आपण जिवंत आहोत हे सांगायला बँकेत जातात, आणि तेही बँक उघडायच्या अर्धा तास आधी. त्या सकाळी खिडकीतली मुलगी "रंगराव... रंगराव वाघमारे" अशी तिसऱ्यांदा किणकिणली, तरी निळ्या स्वेटरातले गृहस्थ भिंतीवरचं कॅलेंडर न्याहाळत बसले होते. त्यांच्या मांडीवरच्या फॉर्मवरचं नाव शेजारच्या दीपमालाबाईंना दिसत होतं. शेवटी त्याच म्हणाल्या, "अहो रंगराव, तुम्हालाच बोलावतायत."

ते वळले... आणि बघतच राहिले.

दीपमालाबाई ओशाळल्या. त्रेसष्ट वर्षं त्यांनी हा आवाज दाबून ठेवला होता. घोगरा, पुरुषी. लग्नाच्या वयात तीन स्थळं आली. पाहुण्यांनी नाव विचारलं, यांनी सांगितलं, आणि पाहुण्यांनी एकमेकांकडे बघत चहाचे कप खाली ठेवले. चौथं स्थळ त्यांनी येऊच दिलं नाही. पुढे पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, तिथे फोनवर लोक त्यांना 'साहेब' म्हणायचे.

काम उरकून त्या बाहेर आल्या, तर रंगराव पायरीशी थांबलेले.

"तुमचं सगळं बोलणं कळलं मला," ते म्हणाले. "बायकांचं हल्ली कळत नाही. ओठ हलताना दिसतात, बस्स."

"हा टोमणा समजू की कौतुक?"

"तुम्ही ठरवा. मी मशीनशॉपमध्ये चौतीस वर्षं काढलेला माणूस — नाजूक बोलायचा सराव नाही."

त्या हसल्या. रस्त्यात, चारचौघांत, मोठ्याने. हे असं त्यांचं त्यांनाच नवीन होतं.

मग विश्रांतवाडीच्या बागेत रोज सकाळी भेट होऊ लागली. बाक दवाने ओला असे. रंगराव आधी येऊन रुमालाने पुसून ठेवत आणि आपण मात्र ओल्या बाजूला बसत. बायको जाऊन त्यांना चार वर्षं झाली होती. दीपमालाबाई बोलत, ते ऐकत. ज्या आवाजाने त्यांची स्थळं मोडली, तोच एक बाईचा आवाज या माणसाला स्पष्ट ऐकू येत होता! या वयात प्रेम वगैरे म्हणायची लाज वाटते म्हणून त्या म्हणत नसत. पण होतं ते प्रेमच.

एकदा ते म्हणाले, सूनबाई कानाच्या तपासणीला चला म्हणून मागे लागली आहे. घरात सहा वर्षांची नात काहीतरी सांगत असते आणि ते अंदाजाने 'छान, छान' म्हणतात. परवा तिने रडत रडत काही सांगितलं, तरी हे 'छान'च म्हणाले.

"जाऊ का? तुम्ही म्हणाल तसं."

दीपमालाबाईंना वाटलं, कानाला मशीन लागलं की सगळ्या जगाचं बोलणं यांना ऐकू येणार. मग आपण कोण? एक घोगऱ्या आवाजाची म्हातारी...

"काही उपयोग नसतो हो," त्या म्हणाल्या. "माझ्या मावशीने घेतलं होतं. नुसती शिट्टी वाजायची. महिन्यात कपाटात गेलं."

त्यांना मावशी नव्हती. रंगरावांनी मात्र विश्वास ठेवला.

वर्ष गेलं. रंगरावांनी रविवारी बुद्धविहारात जाणं सोडलं. चार माणसं बोलू लागली की शब्द लागत नाहीत म्हणाले. नातीचा विषयही ते काढेनासे झाले. दीपमालाबाईंना हे दिसत होतं, आणि दिसूनही त्या गप्प होत्या. मग जानेवारीतल्या एका सकाळी त्यांनी चहा घ्यायचा का विचारलं, तर रंगराव त्यांच्या ओठांकडे बघू लागले.

"काय म्हणालात?"

 दुसऱ्याच दिवशी दीपमालाबाई त्यांना रिक्षात घालून तपासणीला घेऊन गेल्या.

तपासणारी सोनाली तरुण होती, पण समजावून सांगणारी. वयाने कानातल्या बारीक पेशी झिजतात, त्यात कारखान्याचा खडखडाट. आधी बारीक आवाज जातात — बायकांचे, मुलांचे — मग बाकीचे. गेलेलं औषधाने परत येत नाही. मशीनने आवाज येईल. पण फार दिवस शब्द कानावर पडले नाहीत की ते ओळखायची सवय मोडते. ती रोज सराव करून परत लावायची, पूर्ण लागेलच असं नाही.

"वर्षभर आधी का नाही आलात?" तिने विचारलं.

"माझाच आळस," रंगराव म्हणाले.

ते वाक्य दीपमालाबाईंना सोसवलं नाही. चार दिवस वापरून बघायला दिलेलं मशीन कानात घालून रंगराव बाहेर आले आणि गाड्यांच्या आवाजाने दचकून फुटपाथवर उभे राहिले. दीपमालाबाईंनी तिथेच सांगून टाकलं.

"परत सांगा," ते म्हणाले. "सगळं मिसळतंय."

बसस्टॉपवरची माणसं वळून बघत होती. त्या घोगऱ्या आवाजात, जितकं मोठ्याने येईल तितकं, दीपमालाबाई बोलल्या. "मला मावशी नाही. मी खोटं बोलले. तुम्हाला दुसऱ्या कुणाचं ऐकू आलं तर मी नकोशी होईन, अशी भीती वाटली मला. तुमच्यावर जीव आहे माझा... म्हणून केलं."



"पोरीला वाटतं, आजोबांना ती आवडत नाही," रंगराव म्हणाले. "म्हणून तिने बोलणं सोडलं. ते वर्ष मला कोण देणार?"

 दीपमालाबाईंचे डोळे वाहत होते.

"चला घरी."

"कुणाच्या?"

"माझ्या. तिला तुमच्या तोंडाने सांगा, चूक तिच्या आजोबांची नव्हती. आणि सून विचारेल या कोण, तर ते मी सांगेन."

रंगरावांनी रिक्षा थांबवली. आत बसल्यावर त्यांनी दीपमालाबाईंचा हात हातात घेतला आणि घट्ट धरून ठेवला. पण घर येईपर्यंत एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही.