गिलाव्यातले केस

हसू नका रे. लोरेन्झ गवंडी माझ्याच पायाडावर काम करायचा. त्याच्या तोंडून ऐकलंय मी.

दहा नोव्हेंबर, अठराशे चौऱ्याऐंशीची रात्र. दुसऱ्या दिवशी संत मार्टिनचा सण. आर्किटेक्ट ट्राउटवाइनच्या नव्या घरी चर्चची कमिटी सणाचा भाजलेला हंस खायला येणार होती आणि नव्या चर्चचं काम तिथेच ठरणार होतं. हा ट्राउटवाइन बव्हेरियातून अमेरिकेत आला तो बोटीवर बटाटे सोलत. आता मिलवॉकीतले निम्मे मनोरे त्याचे, पण हाव काही सुटली नव्हती मेल्याची.

"लोरेन्झ, जेवणघराच्या भिंतीतून केस वर आलेत," तो म्हणाला. "वस्तरा फिरव, वरून चुना मार."

"मालक, गिलावा धरून राहावा म्हणून कालवलेले गुरांचे केस असे वर येत नाहीत कधी."

"गुरांचे कोण म्हणालं? तापाच्या इस्पितळातून आणले. रोग्यांचे कापलेले, फुकट पडले होते. केस ते केस!"

लोरेन्झची मुलगी क्रेसेन्झ त्याच इस्पितळात ऑगस्टमध्ये गेली होती. आईविना पोर. तिची वेणी रोज तोच घालायचा, भिंतीची सरळ रेषा बघायच्या ओळंब्याच्या दोरीने बांधायचा. एक बट तरी द्या म्हणून तो इस्पितळाच्या दारात रडला होता. जाळले, म्हणाले. आणि हा गिलावा त्यानेच कालवला होता, कोपरापर्यंत हात घालून.

तरी गेला. पोटाचा प्रश्न होता.

खोलीत आजाऱ्याच्या उशीचा वास. मेणबत्ती वर धरली. भिंतभर केस, वीत-वीत. तेलकट. ओले. वस्तरा फिरवला की बोटांना चिकटायचे. पुसले तरी निघेनात. तो कोपऱ्यात जाऊन ओकला.

वळून पाहिलं.

पुन्हा तेवढेच.

"क्रेसेन्झ...?"

मेणबत्ती विझली. हत्यारं टाकून तो पळाला.

उजाडल्यावर हत्यारं आणायला मीही त्याच्यासोबत गेलो. भिंत स्वच्छ, गुळगुळीत. फक्त खाली, लहान मुलीच्या डोक्याइतक्या उंचीवर, एक सोनेरी वेणी लोंबत होती. ट्राउटवाइन नाक दाबून ओरडत होता, "काप ती घाण! दुपारी माणसं जेवायला येतायत!"

लोरेन्झने वस्तरा खिशात घातला. गुडघ्यांवर बसून त्या भिंतीला गाल लावला. मालक शिव्या देत राहिला, तो उठला नाही. दुपारी कमिटीने दारातूनच ते पाहिलं आणि ती न जेवता परत गेली.

मी हत्यारं गोळा केली. रात्री पडलेला लोरेन्झचा ओळंबा तिथेच होता. त्याची दोरी वीतभर तोडलेली. तोच तुटलेला तुकडा वेणीच्या टोकाला होता, गाठ मारून.