चहा मिळणार नाही

"चहा मिळणार नाही, हे मुद्दाम कशाला लिहिलंय?"

मी मान वर केली. मानसशास्त्र विभागाच्या दारावर मी लावलेली पाटी वाचत एक उंचसा तरुण उभा होता. 'संशोधनासाठी सहभागी हवेत. वेळ वीस मिनिटं. चहा मिळणार नाही.'

"मागच्या आठवड्यात सगळे चहालाच आले होते," मी म्हटलं.

तो हसला. मग... मीही हसले. आणि तिथेच चुकले. चाचणी घेणाऱ्याने चेहरा कोरा ठेवायचा, हा आमचा पहिला नियम.

त्याचं नाव इमाद. नोकरी पुण्यातच, खराडीला. बहिणीचा प्रवेशअर्ज द्यायला आलेला, आणि खिडकीपुढची रांग काही हलत नव्हती. मला तिसावा माणूस हवाच होता. आमच्या प्राध्यापक मॅडमच्या प्रकल्पात संशोधन साहाय्यकाची एकच जागा होती, उमेदवार आम्ही बरेच, आणि तीस जणांची चाचणी पूर्ण केल्याशिवाय ती कुणाला मिळणार नव्हती. मला ती जागा फार हवी होती.

प्रयोग सोपा. अनोळखी माणसांचे वीस फोटो दाखवायचे. आठवड्याने चाळीस फोटोंमधून तेच वीस ओळखायला सांगायचे.

वीस फोटो त्याने त्याच दिवशी पाहिले, आणि पुढच्या शनिवारी तो वेळेवर आला. ओळखले किती? तीन.

"आतापर्यंतचा सगळ्यात वाईट निकाल आहे हा," मी म्हटलं. "चष्मा घरी विसरलात का?"

"चष्मा नाही मला."

"मग झोप कमी होते?"

"होते की व्यवस्थित. पण... तुमच्या अंगठ्याला निळी शाई लागली होती. आणि फोटो बदलताना तुम्ही ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होतात — सोळाव्याला चुकलात." तो टेबलाकडे बघत म्हणाला, "फोटो बघायचे राहूनच गेले."

मी अंगठा मुठीत लपवला. आणि खरं सांगते, आनंदही झाला.

तीन हा आकडा मुकाट्याने लिहिला असता, तर तीस जण पूर्ण होत होते. कुणाला कळणार होतं? पेन हातात धरून मी कितीतरी वेळ बसले. शेवटी 'वगळले' या रकान्यात खूण केली आणि कारण लिहिलं: 'चाचणी घेणारी सहभागीकडे बघून हसली.'

मॅडमनी कागद दोनदा वाचला.

"बाकी सगळ्या उमेदवारांचे तीसच्या तीस आलेत, नाजिमा. एकालाही एकसुद्धा माणूस वगळावा लागला नाही. पुण्यात!" त्यांनी चष्मा काढून ठेवला. "सोमवारी दहाला कामावर ये. आणि यापुढे हसू नकोस."

इमाद दाराशीच थांबला होता; त्याला वगळल्याचं आणि जागेचं मी आधीच सांगितलं होतं. "माझ्यामुळे जागा गेली ना?"

"मिळाली."

"म्हणजे मला उगीचच वगळलंत."

"उगीच नाही." मी पर्स खांद्याला लावली. "सहभागी माणसाशी ओळख वाढवता येत नाही... आणि मला वाढवायची आहे."

तो कानापर्यंत लाल होऊन दारावरची पाटी पुन्हा वाचत राहिला. मी ती काढली आणि घडी करून पर्समध्ये टाकली.

"ती सहभागींसाठी होती," मी म्हटलं. "चला, चहा घेऊ."